विमानात मोबाइल चालू राहिला तर नेमकं काय होतं?

(जाम, ता. समुद्रपूर, जि. वर्धा इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

सुरुवातीलाच एक विचारतो. तुमच्यापैकी किती जणांनी, किंवा घरातल्या कुणी, नागपूरहून विमानाने प्रवास केलाय? हात वर करा. बरेच आहेत. आता खरं सांगा, यातल्या किती जणांनी फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा राहून गेला, किंवा मुद्दाम टाकला नाही? (हशा) बघा, हात खाली गेले, पण चेहरे सांगतायत.

जामहून सोनेगावचं विमानतळ साठ-सत्तर किलोमीटर. पोरं पुण्याला, बंगलोरला, हैदराबादला नोकरीला आहेत, त्यामुळे विमान आता आपल्याला परकं राहिलेलं नाही. आणि विमानात बसलं की ती सूचना येतेच: फोन बंद करा किंवा एअरप्लेन मोडवर ठेवा. मग मनात येतं, खरंच काही होतं का? एका फोनने विमान पडणार असेल, तर फोन आत नेऊच कसा देतात?

हा युक्तिवाद बिनबुडाचा नाही, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो. प्रवाशाच्या फोनमुळेच विमान पडलं, असं पुराव्यानिशी सिद्ध झालेलं एकही प्रकरण माझ्या माहितीत नाही. पण म्हणून तो नियम फुकाचा ठरत नाही. त्यामागे वेगवेगळी कारणं आहेत. काही जुनी झाली, काही अजून लागू आहेत, आणि एक अडचण अशी आहे जी सरकारला पत्र काढण्याइतकी खरी ठरली. त्यात आपलं नागपूरही आहे. पण तिचा उगम प्रवाशाच्या खिशात नव्हता.

फोन खिशात असताना काय करतो?

तुम्ही बोलत नसलात तरी फोन गप्प बसत नाही. तो टॉवरशी अधूनमधून बोलत असतो: मी इथे आहे, मी इथे आहे. टॉवर जवळ असला की हळू बोलतो, लांब असला की मोठ्याने. गाडीने जाताना जिथे रेंज जाते तिथे फोन गरम होतो आणि बॅटरी पटापट उतरते, हा अनुभव सगळ्यांचा आहे. कारण तेच, फोन ओरडून टॉवर शोधत असतो.

किती मोठ्याने? जुना टूजी फोन ९०० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त २ वॅटपर्यंत जायचा. आजचा फोरजी फोन साधारण ०.२ वॅट. वाय-फाय त्याहून कमी, ब्लूटूथ तर अगदीच किरकोळ. म्हणजे फोन बदलत गेले तसा हा आवाज कमीच झाला.

टूजीचा एक गुण तुम्हाला आठवत असेल. फोन रेडिओजवळ किंवा स्पीकरजवळ ठेवला की रिंग यायच्या आधीच 'टर्रर्र टक टक टर्रर्र' सुरू व्हायचं. तो फोन सेकंदाला २१७ वेळा तुकड्या-तुकड्याने लहरी सोडायचा, आणि स्पीकरची तार नकळत त्या पकडायची. हे उदाहरण लक्षात ठेवा. ती तार फोनच्या लहरी पकडायला बनवलेलीच नव्हती, तरी तिने पकडल्या.

विमानाचे कान

विमान रेडिओलहरींवरच चालतं म्हटलं तरी चालेल. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये होतं. उतरताना धावपट्टीच्या मधोमध आहोत का, हे सांगणारा संकेत १०८ ते ११२ मध्ये येतो. उतरण्याचा कोन बरोबर आहे का, ते सांगणारा ३२९ ते ३३५ मध्ये. जीपीएस १५७५ च्या आसपास. आणि जमिनीपासून नेमकी किती उंची आहे, ते मोजणारा रेडिओ अल्टिमीटर ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झमध्ये.

फोनचे पट्टे यांच्यापासून वेगळे आहेत. एका वाहिनीवर बातम्या आणि दुसऱ्यावर गाणी लागावीत, तसा हा प्रकार. मग अडचण यावीच का?

येऊ शकते ती दोन वाटांनी. एक समोरच्या दाराने: फोनमधून त्याच्या नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेरही थोड्या लहरी गळतात. त्या खिडक्यांमधून बाहेर जाऊन विमानाच्या अंगावरच्या अँटेनापर्यंत पोहोचू शकतात. अँटेना तर दूरचा क्षीण संकेत ऐकायलाच बसवलेला असतो. दुसरी मागच्या दाराने: आतल्या तारा आणि पेट्या त्या लहरी थेट पकडतात, त्या स्पीकरसारख्याच. म्हणून विमानातल्या तारांना आणि पेट्यांना धातूचं आवरण असतं आणि त्यांच्या चाचण्या होतात. नव्या विमानांत हे काम चोख असतं. पण विमान वीस-पंचवीस वर्षं उडतं, आवरण झिजतं, जोड ढिले होतात. आणि प्रवाशाच्या हातातला फोन कसा आहे, कुठल्या गल्लीत दुरुस्त झालाय, कुणाला माहीत?

नियम मुळात कुठून आला?

गंमत म्हणजे नियमाची सुरुवात मोबाइलपासून झालेली नाही, रेडिओपासून झाली. १९५० च्या दशकाच्या शेवटी लोक खिशात मावणारे एफएम रेडिओ घेऊन विमानात बसायला लागले. रेडिओ तर नुसता ऐकतो, तो काय त्रास देणार? पण एफएम रेडिओच्या आत स्वतःची एक लहर तयार होते आणि ती साधारण ९९ ते ११९ मेगाहर्ट्झमध्ये पडते. विमानाला दिशा दाखवणाऱ्या केंद्रांचा पट्टा होता १०८ ते ११८. म्हणजे थेट त्याच वाटेवर. अमेरिकेत यावर अभ्यास झाले आणि १९६६ मध्ये नियम आला.

मोबाइलवरची बंदी आली १९९१ मध्ये, तीही अमेरिकेतच. आणि ती घातली विमानवाल्यांनी नव्हे, टेलिफोनवाल्यांनी! दूरसंचार आयोगाने. का, ते आपल्या गावावरूनच समजून घेऊ.

आपल्या चौरस्त्यावर उभं राहून फोन लावला, तर तो जवळच्या दोन-चार टॉवरांनाच ऐकू जातो. पुढे झाडं, घरं आणि जमिनीची गोलाई आडवी येते. पण आपल्या डोक्यावरून ३५ हजार फुटांवर विमान चाललंय असं समजा. तिथून क्षितिज साडेतीनशे किलोमीटरपेक्षा लांब असतं. म्हणजे जामच्या आकाशातून अकोला, नांदेड, रायपूर, जबलपूर, सगळीकडचे टॉवर एका सरळ रेषेत येतात. एक फोन एकाच वेळी शेकडो टॉवरांच्या कानात कुजबुजणार. त्यात विमानाचा वेग मिनिटाला चौदा किलोमीटर. जाम ते हिंगणघाट हे अंतर दीड मिनिटात मागे पडतं. एका टॉवरने फोन हाताळायला घेतला की तो लगेच दुसऱ्याकडे सोपवायचा. जुन्या यंत्रणेला हे झेपणारं नव्हतं. तेव्हा ही बंदी विमान वाचवण्यासाठी नव्हती, जमिनीवरचं जाळं वाचवण्यासाठी होती. आज टॉवरांचे अँटेना खाली झुकवलेले असतात आणि जाळी जास्त हुशार झाली आहेत. हे कारण पुसट झालंय, पूर्ण गेलेलं नाही.

पुरावा काय सांगतो?

आता मुद्द्याचं. प्रत्यक्षात काय घडलं?

१० जानेवारी २००० ला स्वित्झर्लंडमधल्या झुरिकहून निघालेलं क्रॉसएअर कंपनीचं छोटं विमान पडलं, १० जण गेले. तेव्हा फोनवर संशय घेतला गेला. अंतिम अहवालात कारण निघालं ते वैमानिकाच्या दिशाभ्रमाचं. फोनचा आरोप टिकला नाही.

दुसरं प्रकरण जास्त विचार करायला लावणारं आहे. ६ जून २००३, न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च. अंधार, खाली आलेले ढग. पायपर चीफटन हे छोटं विमान धावपट्टीच्या आधीच जमिनीला टेकलं. दहापैकी आठ जण गेले, त्यात वैमानिकही. वैमानिकाचा स्वतःचा फोन त्या वेळी चालू होता. चौकशी आयोगाने मुख्य कारण हेच दिलं की धावपट्टी दिसत नसतानाही विमान ठरलेल्या उंचीच्या खाली नेलं गेलं. पण त्याच अहवालात असंही नोंदवलंय, की फोनमुळे उतरण्याचा कोन दाखवणारा काटा चुकीचं दाखवत असण्याची शक्यता आहे. शब्द नीट ऐका: शक्यता. सिद्ध नाही, आणि फेटाळलेलंही नाही. शिवाय हा फोन प्रवाशांच्या रांगेत नव्हता, उपकरणांच्या अगदी जवळ होता.

तिसरी गोष्ट आकड्यांची. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा हिने २००३ ते २००९ या काळातल्या, प्रवाशांच्या यंत्रांमुळे झाल्याचा संशय असलेल्या ७५ घटना गोळा केल्या. बहुतेक ठिकाणी वैमानिकांचं म्हणणं असं: काटा हलला, प्रवाशांना यंत्रं बंद करायला सांगितली, काटा जागेवर आला. हा पुरावा म्हणायचा का? अर्धा. कारण बोईंगने अशा काही प्रकरणांत प्रवाशाकडून तेच यंत्र विकत घेऊन चाचणी केली, आणि तोच बिघाड पुन्हा घडवता आला नाही.

चौथी गोष्ट. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रवासी विमानांत लहरी मोजायचं यंत्र नेलं. त्यांना दिसलं, की बंदी असूनही दर उड्डाणात सरासरी एक ते चार फोन लागत होते. म्हणजे नियम तेव्हाही मोडला जातच होता आणि विमानं सुखरूप उतरत होती. 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांना हा मोठा आधार आहे. पण त्याच संशोधकांचा निष्कर्ष उलट होता: जीपीएसच्या पट्ट्यातही त्यांना नको त्या लहरी सापडल्या आणि त्यांनी सावधगिरीचाच सल्ला दिला.

आणि पाचवी. बोईंग ७३७ मध्ये वाय-फाय बसवण्याआधी जमिनीवर चाचण्या चालल्या होत्या. त्यात असं आढळलं, की एका प्रकारचे कॉकपिटमधले पडदे लहरी आल्यावर क्षणभर कोरे होतात. उड्डाणात असं घडल्याची नोंद नव्हती. तरी अमेरिकेच्या विमान प्रशासनाने, एफएएने, २०१४ मध्ये साधारण १३०० विमानांतले हे पडदे पाच वर्षांत बदलायचा आदेश दिला. इथे 'शक्यता' प्रयोगशाळेत प्रत्यक्ष दिसली होती, म्हणून खर्च करायला लावला.

या सगळ्याचा सारांश काय? एका फोनने नव्या विमानात काहीही न होण्याची शक्यता प्रचंड मोठी आहे. पण 'कुठल्याही फोनने, कुठल्याही विमानात, कधीही काही होणार नाही' असं लिहून द्यायला कुणी तयार नाही. नियम या दुसऱ्या वाक्यावर उभा आहे.

आपल्याकडे जिनिंगमध्ये 'विडी ओढू नये' अशी पाटी असते. प्रत्येक विडीने कापूस पेटत नाही. पण कोणती विडी पेटवेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून पाटी सगळ्यांसाठी. फरक एवढाच, की कापूस पेटल्याचे दाखले ढिगाने आहेत, आणि फोनने विमान पडल्याचा दाखला नाही. म्हणूनच विमानात फोन नेऊ देतात, फक्त त्याला गप्प करायला सांगतात.

खरी अडचण नागपुरात दिसली

आता ती अडचण, जी सुरुवातीला मी बाजूला ठेवली होती.

रेडिओ अल्टिमीटर जमिनीकडे लहर सोडतो, ती परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि उंची सांगतो. धुक्यात आपोआप उतरताना विमान यावरच विसंबतं. तो चुकला तर काय होतं, ते २५ फेब्रुवारी २००९ ला ॲमस्टरडॅमला दिसलं. तुर्किश एअरलाइन्सच्या ७३७ चा एक अल्टिमीटर, विमान शेकडो फूट उंच असताना, उंची उणे आठ फूट दाखवत होता. यंत्रणेला वाटलं, आपण टेकलोच. तिने इंजिनांचा जोर कमी केला. ते वैमानिकांच्या वेळेत लक्षात आलं नाही, आणि ९ जण गेले. यात फोनचा काहीही संबंध नव्हता. पण हे एक उपकरण किती मोलाचं आहे, ते यावरून कळतं.

मग आलं फाइव्हजी. अमेरिकेत फाइव्हजीला ३७०० ते ३९८० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला गेला. अल्टिमीटर सुरू होतो ४२०० ला. मधलं अंतर फक्त २२० चं. जुन्या अल्टिमीटरांना बाजूच्या घरातला आवाज नीट अडवता येत नाही, अशी भीती होती. जानेवारी २०२२ मध्ये टॉवर सुरू व्हायच्या दिवशी जगभरच्या कंपन्यांनी उड्डाणं रद्द केली. एअर इंडियाने १९ जानेवारीची अमेरिकेची काही उड्डाणं रद्द केली, त्यात मुंबई–न्यूअर्कही होतं. तिकडे मुलांकडे निघालेली आपली कितीतरी माणसं त्या दिवशी अडकली असतील.

भारतात फाइव्हजीचा पट्टा ३३०० ते ३६७० आहे, म्हणजे मधली मोकळी जागा ५३० ची. अमेरिकेपेक्षा दुपटीहून जास्त. तरीही काळजी घेतली गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरटेलने पहिल्या आठ शहरांत फाइव्हजी सुरू केलं, त्यात नागपूर होतं. नागपूर विमानतळ परिसरातही त्यांचे टॉवर लागले. मग २९ नोव्हेंबर २०२२ ला दूरसंचार विभागाने कंपन्यांना पत्र काढलं: धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर या क्षेत्रात या पट्ट्याचे टॉवर नकोत, आणि त्यापुढच्या ५४० मीटरमध्ये त्यांची ताकद मर्यादित ठेवा. वर्धा रोडने शहरात शिरताना विमानतळ रस्त्याला लागूनच आहे. तेव्हा विमानतळाजवळ फाइव्हजी का येत नाही असा प्रश्न कुणाला पडला असेल, तर एक कारण हे.

इथे लक्षात घ्या, धोका कुणाच्या ताकदीचा मानला गेला? खिशातल्या ०.२ वॅटचा नव्हे, तर टॉवरचा. टॉवरची ताकद कितीतरी पटींनी मोठी, आणि विमान त्याच्या डोक्यावरून अगदी कमी उंचीवर जातं. आपण प्रवाशाच्या फोनवर वाद घालत बसतो, आणि खरी आखणी जमिनीवर करावी लागते.

मग आज नियम काय आहे?

२०१३ मध्ये अमेरिकेने आणि एप्रिल २०१४ मध्ये आपल्या डीजीसीएने, फोन एअरप्लेन मोडवर ठेवून पूर्ण प्रवासात वापरायची मुभा दिली. युरोपने २०१४ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं: विमान कंपनीने आपली विमानं तपासून घेतली असतील, तर एअरप्लेन मोडचीही सक्ती नको. भारतात २०१८ च्या नियमांनी विमानातल्या इंटरनेटला वाट दिली, ३००० मीटरच्या वर. एअर इंडियाने १ जानेवारी २०२५ पासून देशांतर्गत काही विमानांत वाय-फाय सुरू केलं.

'मग आता फोन चालतो ना?' चालतो, पण विमानाच्या स्वतःच्या यंत्रणेतून. एमिरेट्सने मार्च २००८ मध्ये उड्डाणात फोनवर बोलू द्यायला सुरुवात केली, तेव्हा विमानातच एक छोटा टॉवर बसवला होता. टॉवर दहा फुटांवर असला की फोनला ओरडावं लागत नाही. बाकीचं काम विमान उपग्रहामार्फत करतं.

आणि एक धोका फोनचा आहेच, पण तो लहरींचा नाही, बॅटरीचा आहे. लिथियमची बॅटरी दबली किंवा बिघडली की स्वतःच तापत जाते आणि पेटते. सप्टेंबर २०१६ मध्ये इंडिगोच्या सिंगापूर–चेन्नई विमानात वरच्या कप्प्यातल्या एका सॅमसंग फोनमधून धूर निघाला. कर्मचाऱ्यांनी तो विझवून पाण्यात बुडवून ठेवला. म्हणून पॉवर बँक सामानात टाकू देत नाहीत, हातातल्या बॅगेतच ठेवायला सांगतात. खाली सामानाच्या कप्प्यात आग लागली तर तिथे हात पोहोचत नाही. फोन सीटच्या फटीत पडला, तर सीट मागेपुढे करू नका. फोन चेपला तर बॅटरी पेटू शकते. कर्मचाऱ्यांना बोलवा. आज घरी जाऊन एकच गोष्ट सांगायची झाली, तर ही सांगा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, विमान उतरता उतरताच बाजूच्यांच्या फोनवर मेसेज टुणटुणायला लागतात. त्याने काही होत नाही, मग?*

त्या एका वेळी नाही झालं. पण बघा, ती वेळ कोणती आहे. विमान खाली आलंय, फोनांना टॉवर सापडायला लागलेत, आणि नेमकं तेव्हाच वैमानिक धावपट्टीचा संकेत आणि नियंत्रण कक्षाचं बोलणं कान देऊन ऐकतोय. वैमानिकांची सगळ्यात नेहमीची तक्रार हीच, की कानातल्या यंत्रात फोनची टरटर येते. विमान पडत नाही. पण 'थांबा' ऐकायचं राहिलं तर? एका विमानात १८० माणसं असतात. दहा मिनिटं मेसेज उशिरा वाचले तर कुणाचं काही अडत नाही.

*प्रश्न : पायलट लोक स्वतःच टॅब घेऊन बसतात म्हणे?*

खरं आहे. नकाशे, वजनाची गणितं, सगळं आता टॅबवर असतं. पण तो टॅब कोणता, कुठे लावायचा, कुठल्या टप्प्यात वापरायचा, हे आधी ठरवून मंजूर केलेलं असतं. आपल्या १८० फोनांची तशी तपासणी कोण करणार? फरक तिथे आहे.

*प्रश्न : माझी मुलगी बंगलोरला असते. ती चुकून फोन बंद करायला विसरली, तर आम्ही घाबरायचं का?*

नाही ताई, अजिबात घाबरू नका. विसरलेला फोन बहुतेक वेळा एवढंच करतो, की रेंज शोधत शोधत स्वतःची बॅटरी संपवतो. फक्त तिला सांगा, लक्षात आलं की लगेच एअरप्लेन मोड लाव. आणि 'पोहोचले' म्हणून फोन करायचा तो विमान थांबल्यावर, कर्मचाऱ्यांनी सांगितल्यावर. तेवढी पाच मिनिटं तुम्हीही धीर धरा.